हुगळीकाठचा लोखंडी रस्ता आणि त्याची वृत्तपत्रे

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या कोणालाही मध्यरात्री उठवून विचारले, तरी ‘भारतातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली’ हे वाक्य तो अडखळल्यावाचून म्हणून दाखवील. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. इतिहासाच्या पेपरातले हे हमखास गुण. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी कोलकात्यात राहावयास गेलो, तेव्हा हेच वाक्य एका बंगाली सहकाऱ्यासमोर सहज बोलून गेलो. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे सांगितले, ‘‘आमची गाडी आधी धावायची होती. डबे घेऊन येणारे जहाज गंगेच्या मुखाशी बुडाले आणि इंजिन घेऊन येणारे जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेले.’’

ही हकीकत तिथे लहानथोरांना माहीत आहे आणि ती खोटीही नाही. ‘गुडविन’ नावाचे जहाज डब्यांसह सँडहेड्सजवळ बुडाले. इंजिनाला ऑस्ट्रेलियाचा वळसा पडला. मार्ग चंद्रनगरच्या फ्रेंच हद्दीतून जात असल्यामुळे परवानगीसाठी आणखी काळ गेला. अखेर 15 ऑगस्ट 1854 रोजी हावडा ते हुगळी ही 24 मैलांची पहिली गाडी 91 मिनिटांत पोहोचली. जे डबे बुडाले, त्यांच्या जागी कलकत्त्यातल्याच कारखान्यांतून नवे बांधून घेण्यात आले होते. मुंबईच्या गाडीला सोळा महिने झाले होते. मित्राच्या सांगण्यात अभिमानाचा वाटा थोडा अधिक होता, पण त्या गप्पांतून मला एक छंद लागला. लोखंडी रस्त्याचे युग सुरू झाले, तेव्हा त्याच्या बातम्या कोण लिहीत होते, कोणासाठी लिहीत होते, याचा शोध मी घेऊ लागलो. हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हाच विषय हाताशी होता.

आरंभ थोडा दूरचा आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा मार्ग 1830 मध्ये सुरू झाला आणि अवघ्या सव्वा वर्षात, जानेवारी 1832 मध्ये, न्यूयॉर्कला डी. किंबल मायनर याने ‘अमेरिकन रेलरोड जर्नल’ नावाचे साप्ताहिक काढले. केवळ रेल्वेला वाहिलेल्या पत्रांतले हे अगदी पहिल्या पंगतीतले. मराठी वाचकाला तो महिना वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. 6 जानेवारी 1832 रोजीच बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत प्रसिद्ध झाले. एकाच महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन पत्रे निघाली. दोघांपुढेही वाचक तयार नव्हता, तो घडवायचा होता. अमेरिकेत तेव्हा लोहमार्ग फार थोडे होते. जो उद्योग अजून पाळण्यात आहे त्याच्यासाठी पत्र काढायचे, म्हणजे बातमी देण्यापेक्षा लोकांची खात्री पटविण्याचेच काम अधिक. पुढे 1849 मध्ये हे साप्ताहिक हेन्री पुअर यांच्याकडे आले. त्यांनी कंपन्यांचे भांडवल, कर्ज, उत्पन्न यांचे कोष्टकांमागून कोष्टक छापण्याचा धडाका लावला. देशांची आणि कंपन्यांची पत ठरविणाऱ्या ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ या संस्थेचे नाव आज अर्थविषयक बातम्यांत येते, त्यातले ‘पुअर’ हेच.

लंडनला 1835 मध्ये ‘रेल्वे मॅगझिन’ निघाले आणि पुढच्याच वर्षी जॉन हेरापाथ त्याचे संपादक झाले. या गृहस्थांविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण शास्त्र शिकलेल्या वाचकांना त्यांचे नाव माहीत असावयास हवे. वायूचे कण सतत गतिमान असतात आणि उष्णता ही त्या गतीशी निगडित आहे, हा विचार त्यांनी 1820 च्या सुमारास मांडला. रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध स्वीकारला नाही. पुढे स्वतःचे पत्र हाती आल्यावर त्यांनी काय केले, तर रुळांच्या आणि भागांच्या भावांच्या शेजारी आपले गणित छापले. नंतरच्या काळात जूलने आपल्या संशोधनात त्यांचा आधार घेतला. वायूंचा गतिज सिद्धांत शिकताना रेल्वेच्या साप्ताहिकाची आठवण कोणाला होत नाही, पण त्याच्या वाटेवर ते एक स्टेशन आहे.

हेरापाथ यांचे पत्र, 1837 मध्ये निघालेले ‘रेल्वे टाइम्स’ आणि त्यांची भावंडे यांचा खरा बहर 1845 मधला. त्या वर्षी इंग्लंडला रेल्वेचे वेड लागले. पाद्री, विधवा, निवृत्त कप्तान, जो तो भाग विकत घेऊ लागला. नव्या योजनांच्या जाहिरातींवर पोसली जाणारी डझनभर तरी रेल्वेपत्रे निघाली आणि फुगा फुटल्यावर बहुतेक बंद पडली. प्रतिष्ठित ‘इकॉनॉमिस्ट’नेसुद्धा त्या वर्षी आपल्या लांबलचक नावात ‘रेल्वे मॉनिटर’ हे शब्द जोडून घेतले होते. या पत्रांचा वाचक कोण होता हे इथे स्पष्ट होते. गाडीत बसणाऱ्याला वेळापत्रक पुरेसे असते. हे अंक वाचणारा माणूस गाडीत पैसे घालून बसलेला होता.

आता कलकत्त्याकडे वळू. त्या शहरात 1833 पासून ‘इंग्लिशमन’ हे वजनदार इंग्रजी वृत्तपत्र निघत होते. स्टॉकेलर नावाच्या संपादकाने ते उभे केले, ते द्वारकानाथ ठाकूर यांच्या आर्थिक पाठबळावर. द्वारकानाथ म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा. ‘कार, टागोर आणि कंपनी’ ही त्यांची पेढी; राणीगंजच्या कोळशाच्या खाणी त्यांच्या हाती होत्या. हा कोळसा कलकत्त्याला आणायचा कसा? दामोदर नदीतून, नावांनी, आणि तोही पावसाळ्यात नदीला पाणी असेल तेव्हाच. उरलेले महिने कोळसा काठावर पडून राही आणि इकडे कलकत्त्याच्या बंदरात आगबोटी त्याची वाट पाहत. खाणीपासून शहरापर्यंत लोखंडी रस्ता व्हावा, हे द्वारकानाथांचे स्वप्न व्यापाऱ्याच्या साध्या हिशेबातून आलेले होते. त्या मार्गाच्या भांडवलापैकी एक तृतीयांश उभे करण्याची तयारी त्यांनी दाखविली होती.

याच सुमारास रोलंड मॅक्डोनाल्ड स्टीफन्सन कलकत्त्यात आला. वाफेच्या इंजिनाशी ज्याचे नाव जोडले जाते तो जॉर्ज स्टीफन्सन वेगळा. हा स्टीफन्सन अभियंता होता आणि ‘इंग्लिशमन’च्या संपादनाशी त्याचा निकट संबंध होता. त्याने कलकत्त्यापासून वायव्येकडे मिर्झापूर आणि त्याही पलीकडे जाणाऱ्या मार्गाची कल्पना वृत्तपत्रातून मांडली. व्यापाऱ्यांना पत्रे पाठवून त्यांची मते मागविली. कोणता माल किती आणि कोणत्या वाटेने जातो याची टिपणे जमविली आणि सर्व साहित्य घेऊन लंडन गाठले. 1 जून 1845 रोजी तिथे ईस्ट इंडियन रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि स्टीफन्सन तिचा व्यवस्थापकीय संचालक झाला. ज्या हाताने अग्रलेख लिहिले त्याच हाताने भाग विकले, असे म्हटले तरी चालेल. आज आपण अशा गोष्टीला नाक मुरडू. त्या काळी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या लेखणीवाचून हावड्याचा रस्ता आणखी दहा वर्षे रखडला असता असे मला वाटते. मुंबईतही जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी याच काळात रेल्वेसाठी मंडळी जमविली होती. द्वारकानाथ मात्र रूळ पडलेले पाहू शकले नाहीत. 1 ऑगस्ट 1846 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या बाजूची कंपनी पुढच्या वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना मात्र हा उत्साह मानवणारा नव्हता. मे 1845 मध्ये त्यांनी कलकत्त्याला एक खलिता धाडला, त्यातली अडचणींची यादी वाचनीय आहे: ठरावीक ऋतूतला मुसळधार पाऊस आणि महापूर, सोसाट्याचे वारे आणि डोक्यावरचे ऊन, लाकडी स्लीपरांना वाळवी आणि किडे, जमिनीतून आपोआप उगवणारे रान, कुंपण नसलेला मोकळा मुलूख, आणि जाणत्या अभियंत्यांची वाण. अभियंता सिम्स याच्या समितीने पुढच्या वर्षी या एकेका अडचणीला उत्तर दिले. त्याच खलित्यात आणखी एक विधान होते आणि ते या साऱ्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संचालकांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातल्या रेल्वेला उत्पन्न मिळेल ते मुख्यतः मालवाहतुकीवर. प्रवाशांचा फारसा भरवसा धरू नये. लोक गरीब, वस्ती विरळ. गाडीत बसणार कोण?

या शंकेमुळे भांडवलदार हात आखडते घेत होते. त्यावर तोडगा निघाला तो हमीचा. 17 ऑगस्ट 1849 च्या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी मिळाली. गाडीला नफा झाला तर उत्तम. न झाला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघणार. तेव्हापासून लंडनच्या रेल्वेपत्रांत हिंदी कंपन्यांच्या सहामाही सभांचे वृत्तांत नियमाने येऊ लागले. अध्यक्षांचे भाषण, किती मैल रूळ पडले, किती भांडवल मागविले, भागाचा भाव काय. कलकत्त्याची डाक तेव्हा भूमध्यसागर आणि इजिप्तच्या वाटेने सुमारे दीड महिन्याने लंडनला पोहोचत असे. बर्दवानच्या पुलाची बातमी जिथे पूल बांधला जात होता तिथल्यापेक्षा लंडनच्या न्याहारीच्या टेबलावर अधिक आस्थेने वाचली जाई.

हा सारा मजकूर चोख असतो. आकडा चुकत नाही, तारीख चुकत नाही. पण वाचता वाचता लक्षात येते, की त्यात माणसे फार थोडी आहेत. 1855 च्या जून अखेरीस राजमहालच्या डोंगराळ भागात सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांनी उठाव केला. सावकार आणि जमीनदार यांच्याबरोबरच रेल्वेच्या कामावरील गोऱ्या लोकांची दांडगाई हेही त्याचे एक कारण होते. भागधारकांच्या दृष्टीने ही घटना म्हणजे कामाला झालेला विलंब आणि वाढलेला खर्च. त्याच परिसरात पुढे पटकीच्या साथीत हजारो मजूर दगावले, तेही विलंबाच्याच सदरात जमा झाले. आपल्या बोरघाटात 1861 च्या आरंभी 42 हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी डोंगर फोडत होती. त्यांच्याही वाट्याला याहून निराळे सदर आले नाही. संपादक निर्दय होते असे मी म्हणणार नाही. ज्याच्यासाठी अंक निघे, त्याला जे विचारायचे होते त्याची उत्तरे ते देत होते.

शिवाय हमीमुळे एक विचित्र परिणाम झाला. व्याज ठरलेलेच असल्यामुळे खर्च वाढला काय आणि कमी झाला काय, भागधारकाला फरक पडेना. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनी 1872 मध्ये संसदीय समितीपुढे कबुली दिली, की भांडवलदाराला 5 टक्क्यांची खात्री मिळाल्यावर त्याचा पैसा हुगळीत फेकला काय किंवा त्याच्या विटा आणि चुना झाला काय, त्याला सारखेच होते. हुगळीचे नाव त्यांनी सहज घेतले असेल. कोलकात्यात राहून त्या नदीकडे रोज पाहणाऱ्या माणसाला ते सहज वाटत नाही.

आता त्या न येणाऱ्या प्रवाशांचे काय झाले ते पाहू. 15 ऑगस्ट 1854 च्या पहिल्या गाडीसाठी सुमारे 3,000 अर्ज आले. गाडीत मावले त्याच्या कितीतरी कमी. हुगळी नदीवर तेव्हा पूल नव्हता. लोक कलकत्त्याच्या घाटावरून नावेने पलीकडे जात आणि हावड्याच्या साध्या शेडमधून गाडीत चढत. हावडा ते हुगळी पहिल्या वर्गाचे भाडे तीन रुपये आणि तिसऱ्या वर्गाचे सात आणे. पहिल्या सोळा आठवड्यांत 1,09,634 प्रवाशांनी प्रवास केला. पहिल्या वर्गाचे 5,511, दुसऱ्याचे 21,005 आणि तिसऱ्याचे 83,118. म्हणजे दर चार प्रवाशांतले तीन सात आणेवाले. गाडीत बसणार कोण, या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या वर्गाच्या खिडकीपुढच्या रांगेने दिले होते.

या रांगेसाठी लिहिणारे इंग्रजी रेल्वेपत्रांत कोणी नव्हते. ते देशी भाषांत होते. ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’चे संपादक अक्षयकुमार दत्त यांनी 1855 मध्ये बंगालीत एक छोटे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थ ‘वाफेच्या रथात बसणाऱ्यांना उपदेश’. ज्याने आयुष्यात बैलगाडीपेक्षा वेगवान वाहन पाहिले नाही त्याने या नव्या रथात कसे वागावे, काय टाळावे, जिवाला कसे जपावे, हे सांगणारे ते पुस्तक. आमच्याकडे त्याच्या एकच वर्ष आधी, 1854 मध्ये, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ प्रसिद्ध झाले होते. इकडे मुंबई, तिकडे कलकत्ता; दोन गाड्या सुरू होतात आणि लगोलग दोन भाषांत दोन पुस्तके येतात. या गृहस्थांना ना भाग विकायचे होते, ना भाव चढवायचा होता. आपल्या माणसाला हे यंत्र कळावे एवढीच त्यांची इच्छा. ‘लोखंडी रस्ता’ आणि ‘वाफेचा रथ’ हे शब्द पुढे मागे पडले आणि ‘रेल्वे’च रूढ झाली, याची थोडी हळहळ वाटते.

मुंबई आणि कलकत्ता ही दोन टोके लोहमार्गाने जोडली गेली ती मार्च 1870 मध्ये, जबलपूरपाशी. यावरून वृत्तपत्रे आणि रेल्वे यांची एक गमतीची गाठ आठवते. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कादंबरीतला फॉग पैज लावतो ती हा मार्ग पूर्ण झाल्याची वृत्तपत्रातली बातमी वाचून. प्रत्यक्षात अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात, वृत्तपत्र चुकलेले असते आणि बिचाऱ्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. कादंबरीतला प्रवास 1872 चा, म्हणजे मार्ग खरोखर पुरा होऊन दोन वर्षे लोटलेली. वृत्तपत्राचे बरोबर होते, कादंबरीकाराला हत्ती हवा होता.

कलकत्त्याला स्वतःचे असे अभियंत्यांचे साप्ताहिक मिळायला 1887 साल उजाडले. पॅट डॉइल यांनी ‘इंडियन इंजिनीअरिंग’ सुरू केले आणि पाठोपाठ 1888 मध्ये ‘कॅपिटल’ हे व्यापारी साप्ताहिक निघाले. पूल, रूळ, इंजिने, निविदा यांची चर्चा आता लंडनची डाक न पाहता होऊ लागली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीही 1887 चीच. नागपूरकडून हावड्याला जाणाऱ्या आपल्या विदर्भातील वाचकांना तिचे नाव सांगावयास नको.

मात्र त्या कोष्टकांचा दुसऱ्या बाजूने हिशेब मांडणारा पहिल्या फळीतला माणूस ना लंडनचा होता, ना कलकत्त्याचा. तो एक शाळामास्तर होता, हे या स्मरणिकेत आवर्जून सांगायला हवे. गणेश व्यंकटेश जोशी सरकारी शाळांत शिक्षक होते आणि पुढे मुख्याध्यापक झाले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात 1884 मध्ये मुक्त व्यापार आणि रेल्वेविस्तार यांच्या आर्थिक परिणामांवर त्यांचा दीर्घ निबंध आला. सरकारी नोकर असल्यामुळे लेखावर नाव नसे. सरकारचेच अहवाल आणि सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी विचारले, की हमीचे व्याज कोणी भरले, रूळ आणि इंजिने कोणत्या देशातल्या कारखान्यांतून आली, आणि गाडी गावात पोहोचल्यावर गावचा कारागीर कुठे गेला. रेल्वेवर होणारा खर्च म्हणजे हिंदुस्थानने इंग्लंडच्या उद्योगांना दिलेले अनुदान होय, हे त्यांचे प्रतिपादन होते. ‘रेल्वे नको’ असे ते म्हणत नव्हते. जमाखर्चाची वही दोन्ही बाजूंनी लिहा, एवढेच त्यांचे मागणे होते.

हीच दृष्टी पुढे कलकत्त्यात बंगाली भाषेतून पोहोचविणारा माणूसही मराठीच निघाला. सखाराम गणेश देउस्कर देवघरजवळच्या एका मराठी कुटुंबातले. कलकत्त्यात ते ‘हितवादी’ या बंगाली पत्राचे संपादक झाले आणि 1904 मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. देशाची संपत्ती कोणत्या वाटांनी बाहेर जाते याचा आकड्यांनिशी मांडलेला तो हिशेब स्वदेशीच्या दिवसांत बंगालच्या घराघरांत वाचला गेला. 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. माझ्या त्या सहकाऱ्याच्या आजोबांकडे त्याची एक प्रत होती, असे तो सांगे. ती मराठी माणसाने लिहिली आहे, हे त्याला मीच सांगितले. चहाचा पेला या वेळीही त्याने खाली ठेवला.